कॉटरांची सावड

नोनी कॉटरच्या अंगणातून भांडी आदळल्याचा आवाज आला, की नॉकआर्डच्या टेकडीवरचे लोक म्हणायचे, "आज डिक्लनचं काही खरं नाही." डिक्लन तिचा एकुलता एक मुलगा. बाईला राग आला की तोंडातून शब्द फुटायचा नाही, सगळा राग दुधाच्या चरव्यांवर आणि पातेल्यांवर निघायचा. त्यापेक्षा दोन शिव्या घाल, असं पोरगा वैतागून म्हणायचा.

ती मुळात टेकडीवरची नव्हे. यॉलच्या किनाऱ्यावरच्या कोळ्याची मुलगी. नेड कॉटरशी लग्न करून वर आली, तेव्हा उभ्या पिकातला ओट कुठला आणि जव कुठला हेही तिला कळत नव्हतं. पहिल्याच वर्षी तिने बियाण्याचे जव कोंबड्यांना घातले, आणि सासूने ते मरेपर्यंत ऐकवलं. पण बाई चिवट होती. बुटकी, रुंद खांद्यांची, चालायला लागली की पुरुषांना मागे टाकणारी. शेजारणी तिला हसल्याही आणि तिच्याकडून मासे खारवायला शिकल्याही. शेती तिला नवऱ्याने फारशी शिकवली नाही, शेजाऱ्यांनी शिकवली.

मळणीला मॉसी फूहीचं वाफेचं इंजिन यायचं. ते धूड खळ्यात उभं राहिलं की त्याच्याभोवती पंधरा-वीस माणसं लागतात. कुणी गंजीवरून पेंढ्या फेकायला, कुणी त्या सोडून यंत्राच्या तोंडात द्यायला, कुणी पोती धरायला, कुणी पेंढा रचायला, आणि ज्याचं नशीब फुटकं तो खाली बसून कोंडा ओढायला. एवढी माणसं कुणाच्याच घरात नसतात. म्हणून सावड. आज माझ्या खळ्यात तू, उद्या तुझ्या खळ्यात मी, घरटी एक गडी. यात पैसा नाही, कागद नाही आणि विसरणंही नाही. बायकांची सावड चुलीपाशी.

इंग्रजांशी तह झाल्यावर आयर्लंडात भाऊ भावावर उठला, तसा नॉकआर्डमध्येही उठला. नेड तहाच्या बाजूचा. खालच्या वळणावर राहणाऱ्या बॅट गिअरीचा धाकटा भाऊ तहाच्या विरुद्ध लढत होता, तो तहवाल्या सैनिकांच्या गोळीने गेला. त्या दिवसापासून बॅट नेडशी बोलला नाही. रविवारी मिस्सेला दोघे चर्चच्या दोन टोकांना उभे राहायचे. पुढच्या वर्षी नेड न्यूमोनियाने गेला. ओट कापून गंजी लागलेली, पोरगं लहान, आणि इंजिन दारात. आपल्या खळ्यात कोण येतंय, असं म्हणून नोनी उंबऱ्यावर बसून राहिली होती. सगळ्यांच्या आधी दाताळं खांद्यावर टाकून फाटकातून आत आला तो बॅट.

"नेडशी माझं वाकडं होतं," तो म्हणाला, "त्याच्या ओटशी नाही."

"मी हे फेडू कसं, बॅट? माझ्याकडे गडी नाही."

"पोरगं वाढतंय की. दाताळं पेलायला लागलं की येईल."

पोरगं वाढेपर्यंत बॅट आणि बाकीचे दरसाल येत राहिले, आणि कुणी ते बोलून दाखवलं नाही. आपण या टेकडीवर टिकलो ते जमिनीच्या जोरावर नव्हे, या लोकांच्या येण्याच्या जोरावर, हे नोनीने मनाशी पक्कं बांधलं होतं. डिक्लन मिसरूड फुटायच्या आधीच खळ्यात उतरला आणि घराघरांतून सावड फेडू लागला. तेव्हा तिची मान पहिल्यांदा ताठ झाली.

मग वाईट वर्षं आली. डब्लिनच्या नव्या सरकारने शेतकऱ्यांकडून घेतलेले जमिनीचे हप्ते इंग्लंडला द्यायचं नाकारून इंग्रजांशी भांडण काढलं, इंग्रजांनी आमच्या गुरांवर जकात बसवली, आणि वासराची किंमत त्याच्या कातड्याएवढी उरली. कातड्यापुरते पैसे सरकार द्यायचं. बाकीचं वासरू खड्ड्यात. त्या वसंतात डिक्लनने स्वतःच्या हातांनी वासरं मारली, आणि नंतर कितीतरी दिवस तो जेवताना मान वर करत नव्हता. बाविशीचा पोरगा, खिशात दमडी नाही, लग्नाचं नाव काढायची सोय नाही. असा पोरगा कुणाच्या ना कुणाच्या हाती लागणारच होता. तो लीगच्या हाती लागला.

युरोपात इतर देशांत काळे शर्ट होते, तपकिरी होते, आमच्याकडे या लीगचे निळे निघाले. शहरात त्यांचा हॉल होता. तिथे कवायत चालायची, सायकलींच्या फेऱ्या निघायच्या, शनिवारी नाच असायचा. त्यांचा एक जनरल होता, तो आला की सगळी पोरं हात ताठ पुढे करून सलाम ठोकायची. टेकडीवर डिक्लन म्हणजे नोनीचं पोरगं. तिथे तो 'सेक्शन लीडर कॉटर' होता. शिस्त, राष्ट्र, कम्युनिस्टांचा धोका, असले शब्द तो बटाटे सोलता सोलता बोलायला लागला. नॉकआर्डवर कम्युनिस्ट एकही नव्हता, धोका मात्र भरपूर होता.

शर्टाचं कापड दुकानातून आणणं परवडेना, तेव्हा नोनीने पिठाच्या पिशव्या उसवून शर्ट शिवला आणि निळ्या रंगात बुडवला. रंग छान चढला, पण पाठीवरची गिरणीची अक्षरं काही पुरती गेली नाहीत. डिक्लन उन्हात पाठमोरा उभा राहिला की खांद्यांच्या मधोमध 'उत्तम मैदा' वाचता यायचं.

"काय रे डिक्लन," बॅटने दुधाच्या डेअरीवर सगळ्यांदेखत विचारलं, "तुमचा जनरल तुला भाजणार आहे की तळणार?"

लोक हसले, डिक्लनही हसला. तो म्हणाला, "तुमच्या लंबूने आधीच सगळ्यांना तळलंय, बॅट." डब्लिनला ज्याचं सरकार होतं त्याला सगळा देश लंबूच म्हणायचा. बॅटचं मत लंबूला होतं आणि टेकडीवरच्या बहुतेकांचंही. तरी ते हसण्यावारी जात होतं. आणि खोटं कशाला बोला, नोनीला पोरगा त्या शर्टात आवडायचा. वासरं मारल्यापासून वाकलेली त्याची पाठ त्या शर्टात सरळ व्हायची. शर्टाला इस्त्री तीच करायची आणि कॉलर तिने कधी चुरगळू दिली नाही.

चौतीस सालच्या मळणीत बॅटच्या खळ्याची पाळी आली, त्याच दिवशी शहरात जप्तीच्या गुरांचा लिलाव होता. हप्ते न भरलेल्या शेतकऱ्यांची गुरं सरकार विकणार आणि लीगची पोरं लिलाव अडवणार. पहाटेच डिक्लन शर्ट घालून सायकलवर बसला.

"आणि बॅटचं?" नोनीने विचारलं.

"बॅटचं मी बघितलंय," असं म्हणून तो गेला. म्हणजे त्याने बॅटशी बोलून ठेवलं असणार, असं समजून नोनी निर्धास्त मनाने बॅटच्या घरी चुलीपाशी मदतीला गेली.

इंजिनाने शिट्टी दिली, माणसं जमली, आणि शेवटी फाटकातून एक अनोळखी माणूस आला. लाल मफलर, हातात कुणाचं तरी दाताळं, शहरात चौकात मजुरीसाठी उभे राहतात त्यांच्यातला.

"कॉटरांनी पाठवलंय," तो म्हणाला. "आजची मजुरी दिलीय त्यांनी."

दाताळी जागच्या जागी थांबली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नोनीला सगळं दिसत होतं. बॅटने त्या माणसाकडे पाहिलं, मग दुसरीकडेच कुठेतरी पाहिलं, आणि शांतपणे म्हणाला, "बरं. पेंढ्यावर चढ."

"पुढच्या वर्षी कॉटर आपली टोपी पाठवील," मागून कुणीतरी म्हणालं. पण कुणी हसलं नाही. नोनीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आजवर या टेकडीवर माणूस आजारी पडला तर भाऊ आला होता, भाऊ नसेल तर चुलता आला होता, कुणीच नसेल तर घरच्या बाईने निरोप पाठवला होता आणि लोकांनी समजून घेतलं होतं. मजुरी देऊन आपल्या जागी माणूस कुणीच पाठवला नव्हता. तसं पाठवू नये असं कुणी कधी सांगितलंही नव्हतं, कारण तसं काही करता येतं हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"नोनी, कोबीत मीठ घातलंस का?" बॅटची बायको लिल हळूच म्हणाली. मग बायका मिठाबद्दल बोलल्या, कोबीबद्दल बोलल्या, खिडकीबाहेरच्या गोष्टीबद्दल एक अवाक्षर बोलल्या नाहीत. त्यांनी तिला इतकं सांभाळून घेतलं की तिला रडायचं तेवढं बाकी राहिलं. त्यात तो लाल मफलरवाला कामाला वाघ निघाला. त्याने चुकारपणा केला असता, तर निदान त्याला नावं ठेवून मोकळं होता आलं असतं.

संध्याकाळी डिक्लन फुटका ओठ घेऊन, खुशीत घरी आला. नोनी चरव्या घासत होती. तीन चरव्या घासून झाल्यावर ती बोलली.

"बॅटकडे मजूर पाठवलास."

"हो. माझ्या खिशातून दिले पैसे. गडी चांगला नव्हता का?"

"चांगला होता."

"मग झालं तर."

काय झालं ते नोनीला सांगता येईना. तिने वेगळ्या वाटेने जाऊन पाहिलं. "उद्या माझ्या मयताला जमलं नाही, तर मजूर पाठवशील?"

"आई, कशाचा संबंध कशाशी लावतेस. मी काय पत्ते कुटायला गेलो होतो? बॅटची वासरंही विकली जात नाहीत. त्याच्यासाठीच ओठ फोडून घेतला मी."

"त्याने ओठ मागितला नव्हता रे. हात मागितले होते."

तिने चरवी बाजूला ठेवली. "सकाळी जा त्याच्याकडे. दोन शब्द बोलून ये."

"शर्ट घालून जाऊ, की काढून?"

"कसाही जा. पण तू जा."

तो गेला नाही. माफी मागायला गेलो तर आपण शर्टाचीच माफी मागितली असं होईल, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. आणि नोनीनेही त्याला दुसऱ्यांदा सांगितलं नाही. पोरगा कुढत बसलेला तिला पुन्हा पाहायचा नव्हता.

आठवड्याभराने कॉटरांची पाळी आली. आदल्या संध्याकाळीच मॉसीने इंजिन आणून खळ्यात लावलं. नोनीने खारवलेल्या डुकराच्या मांसाचे मोठे तुकडे उकळत ठेवले, कोबीची टोपली रिकामी केली, पाव भाजले, काळ्या बीअरचं पिंप गोठ्याच्या सावलीत ठेवलं. सकाळी वाफ धरली आणि मॉसीने शिट्टी दिली. ती शिट्टी टेकडीभर ऐकू जाते, तिच्यावर माणसं निघतात. कुणी आलं नाही. मॉसीने चिलीम ओढून परत शिट्टी दिली. टेकडीवरचे कुत्रे तेवढे भुंकले.

"मालकीण, मला उद्या हेगार्टीकडे जायचंय," मॉसी समुद्राकडच्या ढगांकडे पाहत म्हणाला. त्याला याहून जास्त बोलायचं नव्हतं. इंजिनवाल्याने कुणाची बाजू घेतली तर त्याचा धंदा बसतो.

"शर्टामुळे," डिक्लन म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "लंबूची माणसं आहेत सगळी. वाळीत टाकलंय आपल्याला. थांब, दाखवतो त्यांना." आणि ती काही बोलायच्या आत तो सायकल काढून शहराच्या रस्त्याला लागला.

तास-दीड तास वाट पाहून नोनी हात पुसत शेतातून सरळ खाली बॅटकडे गेली. तो गोठ्यातली नाली साफ करत होता. तिला पाहून त्याने फावडं टेकवलं.

"बॅट, शर्टाचा एवढा राग?"

"शर्टाचा कसला राग? त्याने उद्या पाद्र्याचा झगा घातला तरी मला काय. पिठाच्या पिशवीवर रागावण्याइतका मी रिकामा नाही."

"मग?"

"त्याने मला माणूस पाठवला, नोनी."

"चांगला गडी होता तो."

"होता ना. नाव काय त्याचं?"

नोनीला नाव माहीत नव्हतं.

"मलाही नाही माहीत," बॅट म्हणाला. "माझ्या खळ्यात तो राबला, म्हणजे माझ्यावर एक दिवस त्याचा झाला. कुठे राहतो सांग, उद्या जातो आणि फेडतो. पण तुझ्या पोराचा माझ्यावर दिवस नाही. त्याने विकत घेऊन दिला, तो चुकता झाला. बाकीच्यांनाही असंच वाटतंय. उद्या आमच्याकडेही तो मजूरच धाडणार, मग आम्ही कुणासाठी यायचं?"

"आणि माझ्यासाठी?"

बॅटने फावड्याला चिकटलेलं शेण बुटाने पाडलं. "तुझ्यासाठी आलो होतो की, तो लहान होता तेव्हा. आता तो लहान नाही. त्याला म्हणावं, नुसतं येऊन दारात उभा राहा. शब्दसुद्धा नको. मी दाताळं घेऊन त्याच्या पुढे चालायला लागेन आणि बाकीचे माझ्यामागे."

नोनीला हायसं वाटलं. इतकं सोपं होतं. ती चढण जवळजवळ पळत चढली आणि खळ्याच्या फाटकाशी थबकली. आत लॉरी उभी होती. निळ्या शर्टांची तरणीताठी पोरं बाह्या सावरून गंजीवर चढली होती, कुणी शीळ घालत होतं. आणि डिक्लन सगळ्यांच्या मधोमध उभा राहून कुणी कुठे लागायचं ते सांगत होता. इतका आनंदी तो तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

पोरांचा कॅप्टन पुढे आला. गेराल्ड प्रेंडरगास्ट, शहरातल्या वकिलाचा मुलगा, बुटांना आरशासारखी चकाकी. "मिसेस कॉटर," तो टोपी काढून म्हणाला, "लीग असेपर्यंत कुठल्याही शेतकऱ्याच्या विधवेला असं एकटं पडू देणार नाही आम्ही." तो मनापासून बोलत होता. त्याच्यामागे वर्तमानपत्राचा माणूस कॅमेऱ्याची तिकाटी उभी करत होता.

"तुमचे उपकार आहेत," नोनी म्हणाली. "आधी जेवून घ्या."

काम सुरू व्हायच्या आधी जेवण, ही उलटीच रीत झाली, पण पोरं नाही म्हणाली नाहीत. तिला विचार करायला वेळ हवा होता. तिने शेजाऱ्यांसाठी रांधलेलं सगळं वाढलं. पोरं सुरेख जेवली. एकाने आणखी लोणी मागितलं, एकजण म्हणाला की माझ्या आईचा कोबी असा होत नाही. डिक्लनसारखीच होती सगळी, वासरं मारलेली. वाढताना तिला त्यांचा राग येईना, हीच पंचाईत होती. पिंपातली बीअर संपली, मांसाची हाडं राहिली.

"मालकीण," मॉसी म्हणाला, "पट्टा चढवू?"

इंजिनाचा पट्टा चढला की मळणीचं यंत्र घुमायला लागतं, आणि ती घुमघुम टेकडीवरच्या प्रत्येक घरात जाते. कॉटरांनी परक्यांकडून मळणी करून घेतली हे मग कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

"नको," नोनी म्हणाली.

"आई?" डिक्लनला वाटलं, तिला कळलं नाही. "अगं, गडी आलेत. संध्याकाळच्या आत उरकतं सगळं."

"पाऊस येईल, मिसेस कॉटर," कॅप्टन म्हणाला. "तुम्हाला त्या लोकांची भीती वाटते का?"

"त्यांची नाही बाबा, तुमची वाटते. पोरं चांगली आहात तुम्ही. पण संध्याकाळी लॉरीत बसाल आणि जाल. तुम्ही माझी मळणी केलीत, की या टेकडीवर मला कुणाचं देणं उरलं नाही आणि कुणाला माझं. मग मी इथे राहायचं कुणाच्या जिवावर? त्यापेक्षा ओट कुजला तरी चालेल."

कॅमेरेवाल्याने तिकाटी मिटायला घेतली. गंजीवरची पोरं एकमेकांकडे पाहू लागली. डिक्लन तिच्याजवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आत जा, आई." असं तो तिला आजवर कधी बोलला नव्हता.

"मी बॅटकडे जाऊन आले. तुझ्या शर्टाचं त्याला काही नाही. तू खाली जा आणि त्याच्या दारात उभा राहा. बोलूही नकोस. एवढंच मागतोय तो."

"आत्ता? या सगळ्यांसमोर?"

"यांच्यासमोर नाही. बॅटसमोर."

त्याने एकदा खालच्या वळणाकडे पाहिलं आणि एकदा पोरांकडे. त्याचे कान लाल झाले होते. ती पोरं तिथे नसती तर तो गेला असता, असं नोनी जन्मभर म्हणायची, आणि ते खरंच असावं. पण पोरं होती, आणि ती त्याच्या हाकेसरशी आली होती. आपल्या आईने त्यांना उष्ट्या ताटांवरून परत पाठवलं, हे त्याला सोसलं नाही.

"म्हणजे तू त्यांच्या बाजूची," तो म्हणाला.

"अरे, तुझा बाप एका बाजूचा आणि बॅट दुसऱ्या. तरी बॅट आला होता. बाजू त्यांनी फाटकाबाहेर ठेवली. तू ती आत आणलीस."

तो लॉरीत मागे चढला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. लॉरी उतारावरून जाईपर्यंत तिला तो दिसत होता.

मग बराच वेळ काहीच घडलं नाही. मॉसीने भट्टीत कोळसा टाकला नाही आणि ती विझवलीही नाही. आणि फाटक वाजलं. बॅट होता, दाताळं खांद्यावर. लॉरी भरून वर गेली आणि यंत्राचा आवाज न होता खाली आली, हे त्याने वळणावरून पाहिलं होतं. त्याच्यामागे हेगार्टी, मग बाकीचे, एकेक करून.

"डिक्लन?" बॅटने विचारलं.

"गेला."

बॅटने टोपी काढली आणि परत घातली. "मॉसी, पट्टा चढव," तो म्हणाला.

दुपारी माणसं जेवायला बसली तेव्हा ताटात पाव, अंडी आणि चहा. हेगार्टीने इकडेतिकडे पाहिलं. "नोनी, सकाळपासून कोबीचा वास येतोय टेकडीवर. कोबी कुठाय?"

"निळ्यांनी खाल्ला."

क्षणभर कुणाला हसावं की नाही कळेना, मग सगळं खळं खदखदून हसलं. नोनीही हसली, आणि हसता हसता उठून दुधाच्या खोलीत गेली आणि तिथे भिंतीला टेकून हमसून हमसून रडली. बाहेर ऐकू गेलं असणार. कुणी आत आलं नाही. ओट पावसाच्या आधी आत आला.

डिक्लन शहरात लीगच्या हॉलमध्ये राहिला. त्याच महिन्यात त्यांचा जनरल आपल्याच माणसांशी भांडून बाहेर पडला आणि लीगची शकलं झाली. पुढे जनरल पोरं घेऊन स्पेनच्या लढाईला गेला, त्यात डिक्लनही होता. फारसं न लढताच ती परत आली. तो मात्र नॉकआर्डला आला नाही, लिव्हरपूलच्या गोदीत लागला. दर नाताळला त्याचं कार्ड यायचं, त्यावर तब्येतीची चौकशी असायची. नोनी उलट लिहायची की येऊन जा. तो यायचा नाही.

हे सगळं पुढचं. मळणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हेगार्टीच्या खळ्यातून शिट्टी झाली, तेव्हा नोनीने घागऱ्याचा घेर सुतळीने बांधला, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि डिक्लनचं दाताळं घेऊन निघाली. हेगार्टीच्या खिडकीतून लिलने हाक मारली, "नोनी, इकडे ये, बटाटे पडलेत सोलायचे." नोनी खिडकीकडे गेली नाही. ती पुरुषांत जाऊन उभी राहिली. बाई खळ्यात दाताळं घेऊन उभी, हे टेकडीवर कुणी पाहिलेलं नव्हतं.

"अगं नोनी," हेगार्टी टोपी मागे सारत म्हणाला, "कालच्या सावडीचं एवढं काय. आम्ही काय लगेच मागतोय?"

"कुठे लागू ते सांग."

हेगार्टीने बॅटकडे पाहिलं. बॅटने तिच्याकडे पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "कोंड्यावर."

सगळ्यांत वाईट काम. नाकातोंडात धूळ, डोळ्यांत कुसळं. पण बाई म्हणून, दुःखात आहे म्हणून, कुणी तिला त्यातून सोडवलं नाही, आणि नोनीला त्या वेळी त्याहून मोठी मेहेरबानी चालली नसती. दुपारपर्यंत ती खोकत, डोळे चोळत कोंडा ओढत राहिली.

जेवायला पुरुष लांब बाकावर दाटीने बसले, तेव्हा बॅटच्या शेजारी एक जागा रिकामी राहिली. नोनी तोंड धुऊन आली आणि तिथे बसली. हेगार्टीची बायको ताटं घेऊन आली आणि थबकली.

"नोनी, तू आत ये ना आमच्यात. ही तर डिक्लनची..." आणि तिने जीभ चावली.

"डिक्लनची नाही, कॉटरांची आहे," नोनी म्हणाली. "वाढ."

तिने वाढलं. बॅटने लोण्याची बशी नोनीकडे सरकवली. तिला भूक नव्हती. तरी तिने ताटातलं सगळं संपवलं, कारण अर्धी गंजी अजून उरली होती.